शून्य आलं, पेढे घ्या!

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात टक्के दोनदा येतात. एकदा दहावीला आणि एकदा साठीला. दहावीचे टक्के गुणपत्रिकेवर असतात, साठीचे अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर. पहिल्या खेपेला जितके जास्त तितके चांगले, दुसऱ्या खेपेला जितके कमी तितके चांगले, एवढाच काय तो फरक. बाकी तीच धाकधूक, तेच नवस, तेच नातेवाइकांचे फोन आणि तीच तुलना. बागेतल्या बाकावर बसलेल्या ज्येष्ठांची बोलणी जरा कान देऊन ऐका. ‘‘मला डावीकडे साठ निघाले,’’ असं एक जण पडलेल्या आवाजात सांगतो. शेजारचा त्याला धीर देईल म्हणता? छे! तो म्हणतो, ‘‘साठच? आमच्या व्याह्यांना नव्वद होते. तेही दोन ठिकाणी!’’ साठवाला एकदम ओशाळतो. कमी निघाले म्हणून देवाचे आभार मानावेत, की इथेही दुसऱ्याचे व्याही पुढे गेले म्हणून हळहळावं, हेच त्याला कळेनासं होतं.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्याचे हे टक्के काढायला पूर्वी एकच रस्ता होता. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सरकवायची, ती थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी न्यायची, तिथे औषध सोडायचं आणि क्ष-किरणांखाली चित्र पाहायचं. तो रस्ता आजही आहे आणि वेळप्रसंगी तोच उत्तम. पण गेल्या वीसेक वर्षांत दुसरा रुळला. हाताच्या शिरेत सुई, सुईतून आयोडीनचं औषध आणि भोवती गरगर फिरणारं यंत्र. ही सीटी अँजिओग्राफी. हृदयाची करतात तशीच ती मेंदूच्या, पायांच्या, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचीही करतात. चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या विडीबहाद्दरांना ती कधी कधी पायाची करावी लागते. पण पायाच्या टक्क्यांना समाजात मान नाही. चर्चा होते ती हृदयाची.

‘‘काही नाही हो, नुसता फोटो असतो,’’ असं म्हणून लोक धीर देतात. या नुसत्या फोटोपायी काय काय घडतं, ते मी आमच्या साडूंबरोबर गेलो तेव्हा पाहिलं.

साडूंना सगळे नाना म्हणतात. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि दहावीच्या पेपरांचं मॉडरेशन केलं. अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालायला आलेल्या पालकांना नुसत्या चष्म्यावरून बघून परत पाठवणारा हा माणूस. त्यांना पर्वती चढताना त्रास व्हायला लागला. निम्म्या पायऱ्या झाल्या की छाती आवळून यायची, थांबलं की सुटायची, चढायला लागलं की पुन्हा आवळायची. श्रमाने येतं आणि विश्रांतीने जातं, ते दुखणं हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं असू शकतं, हे डॉक्टरकीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे. पण मराठी माणसाच्या छातीत साठीपर्यंत हृदय नसतंच. तिथे गॅस असतो. गॅस नसला तर पित्त असतं आणि पित्तही नसलं तर काल संध्याकाळची मिसळ असते. नानांनी ओवा खाल्ला, सोडा प्यायला, हिंगाचं पाणी घेतलं. पर्वतीवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. अखेर आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, पेच टाकला. ‘‘एक तर डॉक्टरांकडे चला, नाहीतर उद्यापासून मी तुमच्याबरोबर पर्वतीला येते.’’ नानांनी ताबडतोब डॉक्टर निवडले.

डॉक्टरांनी काढलेला ईसीजी व्यवस्थित आला. नानांनी विजयी मुद्रेने ताईंकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘नाना, तुम्हाला दुखतं चढताना. ईसीजी काढला आडवं झोपवून. त्यात कसं दिसेल?’’ मग त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि सीटी अँजिओ लिहून दिली.

परीक्षेआधी अभ्यास झालाच पाहिजे, हे नानांचं जुनं तत्त्व. त्यामुळे तपासणीच्या दिवसापर्यंत त्यांनी या विषयाचा पार भुगा पाडला आणि तो टेलिफोनवरून माझ्या कानात ओतला. त्यातल्या वेर्नर फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरने मात्र मलाही भुरळ घातली. १९२९ साली, एबर्सवाल्ड गावात, या तरुणाच्या डोक्यात आलं की हाताच्या शिरेतून नळी घातली तर ती हृदयापर्यंत जाईल. साहेबांनी साफ नकार दिला. सामानाच्या किल्ल्या एका परिचारिकेकडे होत्या. ती बाई इतकी धीराची, की म्हणाली, ‘प्रयोग माझ्यावर करा.’ याने तिला टेबलावर निजवलं, बांधून ठेवलं आणि तिची नजर चुकवून नळी सरकवली ती स्वतःच्या हातात! मग नळी आत असतानाच तो जिना उतरून एक्स-रे विभागात गेला आणि ती हृदयापर्यंत पोचल्याचा फोटो काढून आला. त्याबद्दल नोकरीत त्याचे हाल झाले आणि १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. ‘‘म्हणजे साहेबाचं न ऐकण्याचं फळ सत्तावीस वर्षांनी मिळतं,’’ असा नानांनी हिशेब मांडला. ‘‘आमच्या पेन्शनच्या फाइलीपेक्षा थोडं लवकरच.’’

पुढची हकीकतही तितकीच नामी. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत औषध सोडत होते. नळी घसरली आणि बरंच औषध थेट हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत गेलं. तोवर सगळ्यांची समजूत होती की असं झालं तर माणूस हातचा गेला. हृदय थबकलं, डॉक्टरांनी रुग्णाला खोकायला लावलं आणि ते पुन्हा चालू झालं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं खास चित्र काढण्याची विद्या अशी घसरून जन्माला आली.

सीटीचं यंत्र मात्र घसरून आलं नाही, ते आलं रेकॉर्ड कंपनीतून. ज्या ईएमआय कंपनीने बीटल्सच्या तबकड्या काढल्या, तिथलेच इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते बांधलं. बीटल्सच्या कमाईवर सीटी स्कॅन उभा राहिला, ही गोष्ट फार गोड आहे. पण ज्यांनी नंतर जमाखर्च तपासला त्यांना त्यात ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा पैसा कंपनीपेक्षा जास्त आढळला. सरकारी पैशावर गाणी कोण रचणार? प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तो मेंदूचा. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हृदयाची स्वच्छ चित्रं सर्रास मिळायला मात्र २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रं यावी लागली. कारण उघड आहे. मेंदू जागचा हलत नाही, काही घराण्यांत तर पिढ्यान् पिढ्या हलत नाही. हृदय मात्र क्षणभरही स्वस्थ बसत नाही आणि त्याच्यावरच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या नळ्या त्याच्याबरोबर नाचत असतात.

म्हणूनच या परीक्षेचे नियम कडक. तपासणीआधी चार तास खायचं नाही. नानांनी एकादशीच्या अनुभवावर ते सहज मान्य केलं. पाणी चालेल. तेही मान्य. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. इथे नाना थांबले. ‘‘बंद म्हणजे? अर्धा कप?’’ चहातल्या उत्तेजक द्रव्याने हृदयाचे ठोके वाढतात, चित्र बिघडतं. ‘‘पण चहा नाही मिळाला तर माझे ठोके त्याहून वाढतात,’’ हा त्यांचा प्रतिवाद सेंटरच्या फोनवरच्या मुलीने ऐकून घेतला नाही.

सेंटरवर पोचल्यावर क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला गेला, कारण आयोडीनचं औषध शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं असतं आणि त्यांची तब्येत आधी विचारावी लागते. मग सिस्टर अर्ज घेऊन आल्या. कसली ॲलर्जी आहे का? दमा आहे का? मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे? नाना फटाफट उत्तरं देत होते. पुढचा प्रश्न सिस्टरनी अगदी हळू आवाजात विचारला. नानांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. ते म्हणाले, ‘‘काय?’’ सिस्टरनी थोडा आवाज चढवला. नाना पुन्हा म्हणाले, ‘‘काय?’’ तिसऱ्या वेळी तो प्रश्न संपूर्ण हॉलने ऐकला. ‘‘आजोबा, गेल्या दोन-तीन दिवसांत पुरुषांच्या ताकदीची गोळी घेतलीय का?’’

हॉलमध्ये नानांचे दोन माजी विद्यार्थी बसले होते. ते मासिकात डोकं खुपसून हलायला लागले. ताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. नानांनी चष्म्यावरून सिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.’’

प्रश्न खरं तर अभ्यासक्रमातला होता आणि सक्तीचा होता. चित्र काढताना रक्तवाहिन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. ती दुसरी गोळी पोटात असताना हे दिलं, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. तेव्हा वाचकहो, लाजून खोटं उत्तर देऊ नका. हॉलमधल्या माजी विद्यार्थ्यांना काय हसायचं ते हसू द्या.

यानंतर आलं ठोक्यांचं प्रकरण. यंत्राला मिनिटाला साठ-पासष्टच्या खाली ठोके हवे असतात. नाडी साठ असली तर प्रत्येक ठोक्याला पुरता एक सेकंद मिळतो आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय जरा विसावतं. तेवढ्यात यंत्र आपला डाव साधतं. नाडी नव्वद झाली की सेकंदाचा दोन तृतीयांश उरतो आणि काटछाट होते ती बरोबर विसाव्याच्या वेळेत. क्ष-किरणांच्या दोन नळ्या असलेली नवी महागडी यंत्रं धावत्या नाडीलाही गाठतात, पण ती सगळीकडे नसतात. नानांची नाडी भरली अठ्ठ्याऐंशी.

‘‘शांत बसा, काही विचार करू नका,’’ असं सांगून त्यांना ठोके उतरवायची गोळी दिली आणि तासभर बसवलं. आता, ज्या हॉलमध्ये माणसाने शांत बसायचं, तिथे भिंतीवर टीव्ही असतो आणि टीव्हीवर चार पक्षांचे प्रवक्ते एकाच वेळी ओरडत असतात. नाडी ब्याऐंशीवर आली होती ती परत वर गेली. सेंटरमधल्या एका मामांनी टीव्ही बंद केला. मग नानांच्या मावसबहिणीचा फोन आला. ‘‘नाना, घाबरू नकोस हं. आमच्या शेजारच्यांचंही असंच साधं साधं म्हणत होते,’’ इथपर्यंत ऐकून ताईंनी फोन काढून घेतला. नानांनी डोळे मिटून मनात रामरक्षा सुरू केली. नाडी अठ्ठ्याहत्तर, बहात्तर, अडुसष्ट अशी उतरू लागली. सगळे श्वास रोखून मॉनिटरकडे बघत असताना काउंटरवरून एक मुलगा आला आणि अदबीने म्हणाला, ‘‘सर, बिल आत जायच्या आधी भरायचंय.’’ नाडी चौऱ्याऐंशी!

बिल मी परस्पर भरलं, आकडा नानांना संध्याकाळपर्यंत सांगायचा नाही असं ठरलं आणि वैद्यकशास्त्र, रामरक्षा व गोळी या तिघांच्या संयुक्त प्रयत्नांनी नाडी एकसष्टला टेकली. ‘‘चला, चला, आत घ्या,’’ म्हणत सगळे मुहूर्ताची घाई झाल्यासारखे धावले.

आत काय झालं ते नानांनी नंतर सांगितलं. टेबलावर निजवलं, छातीला तारा लावल्या, उजव्या हाताच्या कोपरात चांगली जाड सुई होतीच. आधी श्वासाची रंगीत तालीम. यंत्रातून बाईचा आवाज आला, ‘‘सांस लीजिए. सांस रोकिए.’’ नानांनी श्वास सोडला आणि विचारलं, ‘‘मराठीत का नाही?’’ तंत्रज्ञ भला माणूस. त्याने बाईंना गप्प केलं आणि स्वतः मायक्रोफोनवरून म्हणाला, ‘‘श्वास घ्या. धरून ठेवा.’’ प्राणायाम करणाऱ्या नानांनी एवढा दीर्घ श्वास घेतला की छाती गच्च झाली. ‘‘आजोबा, एवढा नको. साधा घ्या. दहाएक सेकंदांचं काम आहे.’’ हुशार विद्यार्थी पुरवण्या जोडतो आणि वेळ घालवतो, त्यातला हा प्रकार.

मग तंत्रज्ञाने ती सुप्रसिद्ध सूचना दिली. ‘‘आता औषध जाईल. सगळ्या अंगात गरम वाटेल आणि लघवी झाल्यासारखं वाटेल. नुसतं वाटतं, होत नाही.’’ रक्त, रक्तवाहिनीची भिंत आणि शेजारचा स्नायू हे तिघे क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच दिसतात. रक्तात आयोडीन मिसळलं की तेवढं रक्त पांढरंशुभ्र उठून दिसतं. त्यासाठी साठ-ऐंशी मिलिलिटर औषध सेकंदाला पाच मिलिलिटर अशा वेगाने शिरेत जातं आणि ते नेमकं हृदयाच्या नळ्यांत पोचलं की यंत्र फिरतं. नाना म्हणाले, ‘‘तोंडात लोखंडाची चव आली, मग छातीतून पोटात, पोटातून खाली अशी गरम लाट गेली. इतकं हुबेहूब वाटलं, की उठल्यावर पहिल्यांदा मी हात लावून खात्री केली.’’ फोटो निघाला काही सेकंदांत. त्या काही सेकंदांसाठी आमचा अर्धा दिवस गेला. बाहेर आल्याबरोबर नानांना पाणी भरपूर प्यायला सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पाणी चहात घालून चालेल ना?’’

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. आमच्या पुढे एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा काउंटरवरच पेढे वाटायला लागला. ‘‘बाबांचा कॅल्शियम स्कोअर शून्य आला!’’ खव्याचा पेढा हातात घेऊन नाना पाहतच राहिले. जन्मभर त्यांनी शून्य मिळवलेल्यांचे बाप रडताना पाहिले होते. त्यांचा स्वतःचा स्कोअर दोनशेबारा होता. त्यांनी रेडिऑलॉजिस्ट मॅडमना विचारलं, ‘‘आउट ऑफ किती?’’

‘‘याला आउट ऑफ नसतं, काका.’’

‘‘मग पास कितीला?’’

‘‘शून्य सगळ्यात चांगलं. शंभरपर्यंत थोडं, चारशेच्या पुढे खूप.’’

वरची मर्यादाच नसलेली परीक्षा! मॉडरेटर असलेल्या माणसाला हे पचवणं जड गेलं. १९९० साली आर्थर ॲगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी बसवली. धमनीच्या भिंतीत साठलेल्या कॅल्शियमच्या डागाचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि तो डाग जितका दाट तितक्या, म्हणजे एक ते चार, आकड्याने गुणायचं. दाटपणा मोजायचा तो हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या मापाने, ज्यात पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी शंभरएक उणे. ‘‘म्हणजे पद्धत शुद्ध आहे,’’ नाना जरा सुखावले. पेढेवाल्या गृहस्थांना मात्र मॅडमनी एक वाक्य ऐकवलंच. शून्य ही उत्तम बातमी असली तरी ती हमी नाही, कारण मऊ, चरबीचा थर कॅल्शियमच्या मोजणीत सापडत नाही. तो औषध घालून काढलेल्या चित्रात दिसतो. मुलगा पेढे आवरते घेऊ लागला.

नानांच्या रिपोर्टात पहिलंच वाक्य होतं की रक्ताभिसरणात उजव्या बाजूचं वर्चस्व आहे. बहुतेक माणसांचं तसंच असतं. हृदयाच्या मागच्या बाजूला रक्त पुरवणारी नळी उजव्या रक्तवाहिनीतून फुटते, एवढाच त्याचा अर्थ. नाना पलंगावर डावीकडे झोपतात आणि ताई उजवीकडे. ‘‘यंत्र अचूक आहे,’’ एवढंच ताई म्हणाल्या.

खाली खरी बातमी होती. डाव्या बाजूच्या, पुढून उतरणाऱ्या नळीत पन्नास ते एकोणसत्तर टक्क्यांच्या गटातलं आकुंचन. नानांनी लाल पेन काढलं. ‘‘हे टक्के कशाचे? व्यासाचे की क्षेत्रफळाचे?’’

मॅडमना हा प्रश्न बहुधा प्रथमच आला असावा. ‘‘व्यासाचे.’’

‘‘मग वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर असतं. व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ पाव राहतं. म्हणजे पन्नास टक्के आकुंचन हे क्षेत्रफळाने पंच्याहत्तर टक्के झालं! बागेत नव्वद-नव्वद म्हणून मिरवणारे कशाचे सांगतात?’’

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. पुढची दहा मिनिटं तिथे गणिताचा तास झाला. नळी तीन मिलिमीटरची. यंत्राला दिसणारा सर्वांत बारीक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे एक ठिपका इकडचा तिकडे झाला की सोळा-सतरा टक्के हलले. त्यात कॅल्शियमचा डाग पडद्यावर असतो त्याहून मोठा दिसतो आणि नळी आहे त्याहून अरुंद भासवतो. म्हणून एका डॉक्टरांना पंचेचाळीस वाटतात तिथे दुसऱ्यांना पंचावन्न. म्हणूनच नेमका आकडा न देता गट देतात. एक ते चोवीस, पंचवीस ते एकोणपन्नास, पन्नास ते एकोणसत्तर, सत्तर ते नव्याण्णव आणि शंभर म्हणजे वाट बंद. ‘‘अहो, मग या ग्रेड आहेत,’’ नाना म्हणाले. ‘‘याला टक्के म्हणून लोकांना का भडकवता?’’

या यंत्राचा हातखंडा वेगळ्याच गोष्टीत आहे. नळ्या स्वच्छ आहेत असं त्याने सांगितलं, तर ते बहुतेक वेळा खरं असतं. अडथळा आहे म्हणालं, तर मात्र तो किती आणि त्याने रक्त खरोखर कमी पडतं का, हे डॉक्टरांना पुढे तपासून ठरवावं लागतं. शिवाय कमी टक्क्यांचा थरही फुटून त्यावर गुठळी होऊ शकते. हृदयविकाराच्या कितीतरी झटक्यांचं मूळ अशा बेताच्या टक्क्यांच्या जागी असतं. म्हणजे पस्तीस टक्केवाल्याने जिलबी मागवावी, असं इथे काही नाही.

डॉक्टरांनी नानांना गोळ्या लिहून दिल्या. रक्त पातळ राहण्याची, कोलेस्टेरॉलची, छातीच्या दुखण्याची. सपाटीवर चालायला सांगितलं, लोणच्याच्या बरणीबद्दल दोन कटू शब्द सांगितले आणि त्रास वाढला तर पुढचं पाहू म्हणाले. घरी जमलेल्या नातेवाइकांची साफ निराशा झाली. ‘‘स्टेंट नाही? बलूनसुद्धा नाही? मग एवढा खर्च करून काय केलं?’’ एका भाच्याने लगेच लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मध यांचा काढा मोबाइलवरून वाचून दाखवला. त्याने म्हणे नळ्या आतून लख्ख होतात. लसणाने नळीतला थर धुऊन निघत असता, तर झणझणीत ठेच्यावर वाढलेल्या आपल्या गावांत हृदयविकाराचं नाव निघालं नसतं.

आणि नातेवाइकांच्या त्या ‘एवढा खर्च करून काय केलं?’ या प्रश्नातच मला या साऱ्या प्रकरणातलं खरं मर्म वाटतं. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्याच्या जोडीला सीटी अँजिओ. पाच वर्षांनी, २०१८ साली निकाल लागला. हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका आलेले सीटीच्या गटात २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. गंमत अशी, की पाच वर्षांत स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले होते. फरक पडला तो मुख्यतः गोळ्यांचा असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं. चित्र पाहिल्यामुळे डॉक्टरांनी योग्य माणसांना योग्य गोळ्या सुरू केल्या. पुढे ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांचा आणखी एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं दुखणं स्थिर आहे आणि डावीकडची मुख्य धमनी मोकळी आहे, अशांना आधी स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं कमी झालं, हे खरं. बाकी काम चांगल्या औषधोपचाराने तितकंच केलं.

आपली गोम नेमकी गोळ्यांतच आहे. हजारो रुपये मोजून काढलेला फोटो आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून, देवघरामागच्या कपाटात, सोन्याच्या पावत्यांशेजारी ठेवतो. काही रुपयांची गोळी मात्र तीन महिन्यांनी ‘कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून स्वतःच बंद करतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हे सांगायला केमिस्ट येत नाही.

तिकडे ज्यांना काहीच होत नाही त्यांची उलटी गडबड. षष्ट्यब्दीला मुलं सीटी अँजिओचं पॅकेज भेट देतात, जोडीने केलं तर सवलत असते. कसलीही लक्षणं नसलेल्यांनी ही तपासणी सरसकट करावी असं हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. थोडा किरणोत्सार आहे, आयोडीनचं औषध आहे आणि नको तो ठिपका सापडून लागणारा घोर आहे. त्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजून घ्यावं आणि तंबाखूची पुडी केराच्या टोपलीत टाकावी.

तेव्हा थोडक्यात सांगतो. चढताना छाती, गळा, जबडा किंवा हात भरून येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि सीटी अँजिओ करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. केलीत तर चहाचं, गोळ्यांचं आणि ॲलर्जीचं खरं सांगा. औषधं लिहून दिली तर डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्या. आणि बसल्या जागी छातीत दाबून आलं, घाम फुटला, काही मिनिटांत सुटलं नाही, तर कुठलीही अपॉइंटमेंट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा. ओवा नंतर खाता येईल.